चेंडूचा मार्ग आणि त्याज्य ठरलेले मूळ

दहावीच्या बीजगणितात हक्काचे गुण देणारा भाग म्हणून वर्गसमीकरणांची ख्याती आहे. मधले पद फोडावे, दोन कंस पाडावेत, दोन मुळे काढावीत, आणि शाब्दिक उदाहरण असेल तर त्यांतील ऋण मूळ ‘परंतु वय ऋण असत नाही’ किंवा ‘परंतु लांबी ऋण असत नाही’ अशा ठराविक वाक्याने निकालात काढावे, एवढे हाताला वळण लागले की परीक्षार्थी निर्धास्त होतो. हे समीकरण जगातील कोणत्या व्यवहाराविषयी बोलत आहे, असा प्रश्न त्याने विचारावा अशी अपेक्षा ना पुस्तकाची असते, ना परीक्षेची, ना पालकांची. तोच विद्यार्थी सायंकाळी मैदानावर उंच उडालेला चेंडू पाहून, तो शिखराला पोहोचण्यापूर्वीच, चार पावले मागे सरकतो आणि झेल घेतो. त्याच्या पायांना जे कळते ते त्याच्या लेखणीला ठाऊक नसते.

या दुराव्याचे एक कारण अभ्यासक्रमाच्या रचनेतच आहे. नववीच्या विज्ञानात गतिविषयक समीकरणे येतात. त्यांतील दुसरे समीकरण, म्हणजे विस्थापन, आरंभीचा वेग, त्वरण आणि काल यांची सांगड घालणारे, हे कालाच्या दृष्टीने वर्गसमीकरणच होय. परंतु ते विज्ञानाच्या तासाला भेटते, विज्ञानाच्या वहीत उतरते आणि तेथेच राहते. वर्षभराने गणिताचा शिक्षक वर्गसमीकरण शिकवू लागतो तेव्हा ही जुनी ओळख कोणी काढून देत नाही. एकाच माणसाला दोन गावांत दोन नावांनी ओळखावे, तसा हा प्रकार आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या मुलीने हात उंचावून, जमिनीपासून दोन मीटरवरून, चेंडू दूर फेकला आणि त्याचा वर जाण्याचा आरंभीचा वेग सेकंदाला नऊ मीटर होता असे मानले. गुरुत्वाकर्षणाचे त्वरण हिशेबाच्या सोयीसाठी दहा धरले, तर त्याचा निम्मा भाग, म्हणजे पाच, कालाच्या वर्गाचा सहगुणक होतो. काल ‘क’ सेकंद मानल्यास कोणत्याही क्षणी चेंडूची उंची २ + ९क − ५क² इतके मीटर भरेल. नऊ दशांश सेकंदाला चेंडू सहा मीटरांच्या किंचित वर असेल. तो जमिनीवर केव्हा पडेल हे काढण्यासाठी उंची शून्य धरली की ५क² − ९क − २ = ० हे समीकरण मिळते. त्याचे (५क + १) आणि (क − २) असे दोन अवयव पडतात आणि मुळे येतात दोन सेकंद व उणे एक पंचमांश सेकंद.

आता या दुसऱ्या मुळाचे काय करावे? शालेय शिस्तीप्रमाणे ते ‘त्याज्य’ आहे. वास्तविक ते बोलके आहे. हाच चेंडू हातातून न सुटता याच मार्गाने थेट जमिनीवरून उसळून वर आला असता, तर त्याने फेकीपूर्वी एक पंचमांश सेकंद जमीन सोडलेली असती, एवढेच ते सांगते. प्रत्यक्षात तसे घडलेले नाही. चेंडू हातातून निघाला आहे. पण समीकरणाला हाताची खबर नाही, ते फक्त मार्ग जाणते. समीकरण कोठून कोठपर्यंत खरे मानायचे ही मर्यादा माणसाने घालायची असते, ती बीजगणितातून आपोआप मिळत नाही. वर्गात ज्या मुळावर रेघ मारली जाते, त्याच्यापाशी थांबले असते तर विद्यार्थ्याला प्रतिमान म्हणजे काय याचा पहिला धडा मिळाला असता.

वर्गसमीकरण आपल्या परंपरेला नवे नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त कर्णाशी लढणाऱ्या अर्जुनाच्या बाणांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. निम्मे बाण, बाणांच्या वर्गमुळाची चौपट आणि वर दहा असा त्याचा हिशेब असून बाण निघतात शंभर. बाण किती हे समीकरणाने सांगितले. बाण आकाशातून कोणत्या वाटेने गेला हे विचारले गेले नाही. तो प्रश्न गॅलिलिओने सोडविला. आडवी गती एकसारखी आणि खालची घसरण कालाच्या वर्गाच्या प्रमाणात, या दोहोंच्या संयोगाने फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्त होतो, हे त्याने १६३८ साली लेडेन येथे छापलेल्या ग्रंथात सिद्ध केले. विशेष म्हणजे त्याच ग्रंथातील संवादात हवेच्या अवरोधाचा आक्षेप त्याने स्वतःच उपस्थित करविला आणि तोफबंदुकांच्या प्रचंड वेगाला आपला सिद्धांत नेमका लागू पडणार नाही हे मान्यही केले.

पुढच्या शतकभरात तोफखान्यावरच्या अनेक ग्रंथकारांनी अन्वस्त उचलला आणि ही कबुली मागे ठेवली. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये गोळीचा वेग टांगत्या लंबकावर आदळवून मोजला, तेव्हा त्या ग्रंथांचे पितळ उघडे पडले. सेकंदाला १७०० फूट वेगाने, ४५ अंशांच्या कोनात सुटलेली बंदुकीची गोळी अन्वस्ताच्या हिशेबाने सतरा मैल जायला हवी. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नसे. या वेगाला हवेचा अवरोध गोळीच्या वजनाच्या शंभरपटीच्या आसपास पोहोचतो. (हेच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची डागडुजी करण्यासाठी हिंदुस्थानात आले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारले.)

क्रिकेटचा चेंडू या दोन टोकांच्या मध्ये बसतो, आणि म्हणूनच तो शिक्षणाला सोयीचा आहे. सेकंदाला बारा मीटर वेगाने फेकलेल्या चेंडूवर हवेचा अवरोध वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका असतो. तेथे वर्गसमीकरण झकास चालते. परंतु अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फलंदाजाने सेकंदाला तीस मीटर वेगाने चेंडू टोलविला की तो अवरोध वजनाच्या निम्म्याहून अधिक होतो. ४५ अंशांच्या कोनात हा चेंडू सूत्राप्रमाणे जवळजवळ ९२ मीटर जावा. आंतरराष्ट्रीय नियमांत पुरुषांच्या सामन्यातील सीमारेषेची कमाल मर्यादा ९० यार्ड, म्हणजे सुमारे ८२ मीटर आहे, तेव्हा हा निःसंशय षट्कार ठरतो. हवा हिशेबात धरली तर ढोबळमानाने वीस-पंचवीस मीटर कमी होतात आणि मोठ्या मैदानावर तोच चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात विसावतो. शिवाय मार्गाचे दोन अर्ध सारखे राहत नाहीत. चढण लांबट, उतरण उभी. सीमारेषेवर झेल घेणाऱ्याला हे अनुभवाने माहीत असते. पुस्तकातला अन्वस्त मात्र दोन्ही बाजूंनी सारखाच देखणा असतो.

प्रतिमानाने आपली मर्यादा आपल्याबरोबर वागवावी, हे तत्त्व याच खेळाने अलीकडे स्वीकारले आहे, हे गंमतीचे आहे. २००८ मध्ये भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत पंचांच्या निर्णयाच्या फेरतपासणीची पद्धत प्रथम अजमावण्यात आली. पायचीतच्या अपिलात चेंडू पॅडवर आदळेपर्यंतचा मार्ग कॅमेऱ्यांनी पाहिलेला असतो. त्यापुढचा, यष्टीपर्यंतचा, हिशेबाने वाढविलेला असतो. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागेल असे हिशेब म्हणत असेल, तर मैदानावरील पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. एकच चेंडू कधी बाद आणि कधी नाबाद कसा, म्हणून प्रेक्षक संतापतात, समालोचकही कातावतात. त्यांचा संताप चुकीच्या जागी आहे. पाहिलेले आणि अनुमानिलेले यांत फरक करणारा असा नियम सार्वजनिक व्यवहारात विरळा.

अर्थशास्त्राच्या व्यवहारात तर तो शोधूनही सापडू नये. १९७४ साली आर्थर लॅफर यांनी वॉशिंग्टनच्या एका उपाहारगृहात हातरुमालावर उलट्या पेल्यासारखी एक वक्ररेषा काढली, असे सांगतात. कराचा दर शून्य असला तर उत्पन्न शून्य, शंभर टक्के असला तरी शून्य, म्हणून मध्ये कोठेतरी शिखर. येथपर्यंत कोणाची हरकत नाही. चेंडूच्या समीकरणात मात्र शिखर कोठे हे सांगता येते, कारण सहगुणक मोजलेले असतात. या रेषेत आकार होता, सहगुणक नव्हते. तरीही अमेरिका शिखराच्या पलीकडच्या उतारावर आहे असे गृहीत धरून १९८१ ची करकपात रेटली गेली, आणि पुढील वर्षांत तेथील अर्थसंकल्पी तूट फुगली. याउलट सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये विकास आणि विषमता यांचा तसाच चढउतार मांडताना, आपल्या निबंधात वस्तुस्थिती फार तर पाच टक्के आणि उरलेले अनुमान आहे, अशी कबुली दिली होती. वक्ररेषा जगभर गेली. कबुली निबंधातच राहिली.

वित्तीय तूट, लोकसंख्या, पर्जन्य, साथीचा रोग, सर्वांचेच अंदाज आज आलेखाच्या रूपाने नागरिकांसमोर येतात. त्या आलेखाला ‘तुझे सहगुणक कोणी मोजले, आणि तू कोठपर्यंत खरा?’ असे विचारण्याची सवय शाळेत लागली नाही, तर पुढे ती कोणत्या वयात लागणार?

साठ-सत्तर मुलांच्या तुकडीत, अभ्यासक्रम संपविण्याच्या धावपळीत हे कसे साधावे, असा रास्त आक्षेप शिक्षक घेतील. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. गणित आणि विज्ञान यांचे दोन तास एकाच दिवशी जोडून घ्यावेत आणि मैदानावर मोजपट्टी, चेंडू व शिक्षकाचा भ्रमणध्वनी न्यावा. फेकीचे संथ चित्रण करून दर दशांश सेकंदाची उंची आलेख-कागदावर मांडता येते. प्रथम सावकाश फेकलेला चेंडू, मग तोच जोराने टोलविलेला, आणि शेवटी प्लास्टिकचा हलका चेंडू, जो अन्वस्ताला सरळ सरळ जुमानत नाही.

परीक्षा मंडळालाही एक काम आहे. वर्गसमीकरणावरील शाब्दिक उदाहरणाखाली दोन गुणांचा एक उपप्रश्न जोडावा: ‘हे समीकरण कोणत्या परिस्थितीत चुकेल?’ अशा प्रश्नाचे एकच नमुना-उत्तर छापता येणार नाही आणि तपासनिसांचे एकमत होणार नाही, अशी तक्रार लगेच येईल. ती खरीही आहे. तपासनिसांच्या पहिल्या बैठकीत त्यावर तासभर वाद झाला, तर त्या तासात दोन मुळांपैकी दुसऱ्याविषयीही कोणीतरी बोलेल.