झाडाखाली काय लावावं?

मैत्रिणींनो, ‘आमच्या आंब्याखाली काही जगतच नाही’ ही तक्रार बऱ्याच जणी करतात. माती बदलतात, शेणखत घालतात आणि शेवटी तिथे मोडकी बादली ठेवून मोकळ्या होतात! पण झाडाखाली काय येईल हे वरच्या पानांवरही अवलंबून असतं. पानं किती दाट, एवढंच बघू नका. ती केव्हा गळतात आणि केव्हा फुटतात तेही बघा.

थंड मुलखातल्या रानात हे फार स्पष्ट दिसतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं कॉनकॉर्ड गाव घ्या. दुर्गाबाई भागवतांनी ज्याचं ‘वॉल्डन’ मराठीत आणलं, तो थोरो इथलाच. हिवाळ्यात तिथली बरीच झाडं निष्पर्ण असतात. थंडी ओसरली, की वरची पालवी दाटण्याच्या आत जमिनीवरची रानफुलं घाईघाईने पानं काढतात. ऊन मिळायचं ते जेमतेम काही आठवडे. तेवढ्यात वर्षाची बेगमी करायची. आपण नाही का, पाऊस लागायच्या आत पापड-कुरडया वाळवून घेत? एकदा वरचं छत मिटलं, की खाली सावलीच सावली.

कोणत्या झाडाला केव्हा पालवी फुटली, याच्या नोंदी थोरो 1850 च्या दशकात ठेवत असे. शास्त्रज्ञांनी त्या अलीकडच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हवा तापल्यामुळे झाडं आता सरासरी दोन आठवडे आधी पालवतात, रानफुलं मात्र एकच आठवडा आधी. म्हणजे बिचाऱ्यांच्या वाळवणाच्या दिवसांतला एक आठवडा गेलाच की!

आपल्याकडे हिमाचा प्रश्न नाही. इथे पानं गळतात ती बहुधा कोरड्या दिवसांत. तुमच्या अंगणातला चाफाच बघा, थंडीत उघडाबोडका होतो. बुंध्यापासून जरा लांब, डिसेंबरात मेथी-कोथिंबीर पेरा. ऊन भरपूर मिळेल, आणि चाफा पुन्हा पालवेपर्यंत भाजी पोटात गेलेली असेल. आंबा मात्र बारमाही हिरवा. त्याच्याखाली मेथीचा हट्ट नको आणि गुलाबाचा तर मुळीच नको, नुसत्या काड्या वाढतात. तिथे कडेच्या विरळ सावलीत पावसाच्या तोंडावर हळद नाहीतर आलं लावा. दोघांनाही थोडी सावली चालते.