तक्रार बंद, लॅपटॉपही बंद

ताप घेऊन आपण डॉक्टरकडे गेलो तर तो निदान जीभ तरी बघतो. लॅपटॉपच्या कंपनीचा माणूस तेवढेही करीत नाही. यंत्र मध्येच बंद पडते म्हणून सांगितले की त्याचे उत्तर तयार असते : "फॉरमॅट मारा."

माझा लॅपटॉप घेऊन वर्षही झालेले नाही. वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढून तो घेतला. दोन महिन्यांतच तो आठवड्यातून तीन-चार वेळा अचानक बंद पडू लागला, बहुधा प्रकल्पाचा अहवाल लिहिताना. आजवर चार तक्रारी झाल्या. चार तक्रारींचे चार निराळे नंबर, फोनवर चार निराळे आवाज, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "चार्जर लावलाय का?" दोनदा सुमारे शंभर किलोमीटरवरच्या हुबळीच्या केंद्रात तो नेला. दोन्ही वेळा फॉरमॅट करून हातात दिला, आठ दिवस बरा चालला, नवव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. मध्यंतरी मोबाइलवर संदेश आला की आपली तक्रार समाधानकारक रीतीने निकालात निघाली आहे. समाधान कोणाचे झाले ते त्यात लिहिलेले नव्हते.

फॉरमॅटने काय होते हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेकांना त्यात फक्त आपल्या फायली जातात एवढेच दिसते. विंडोज कोसळते तेव्हा पडद्यावर एक सांकेतिक शब्द दाखवते आणि त्या क्षणाची नोंद 'मिनिडंप' नावाच्या लहानशा फाइलमध्ये ठेवते. कोणता ड्रायव्हर चालू होता, गडबड कुठे झाली, याचा माग त्यावरून पुष्कळदा लागतो. पाच वेळा कोसळले तर पाच नोंदी मिळतात, आणि त्या एकमेकींशी ताडून पाहणे हीच तपासाची सुरुवात. फॉरमॅट केला की या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. खुनाच्या तपासाला आलेल्या फौजदाराने आधी खोली सारवून घ्यावी, तसा हा प्रकार!

दोष ड्रायव्हरचा असेल तर फॉरमॅटने तो कधी कधी जातोही. पण रॅम सदोष असेल, पंखा धुळीने अडून आतले तापमान वाढत असेल, तर शंभर वेळा फॉरमॅट करूनही काही उपयोग नाही. आजकालच्या अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डावरच झाळून बसवलेली असते. ती बिघडली तर सगळा बोर्डच बदलावा लागतो, आणि तो महाग. वॉरंटीचे वर्ष संपेपर्यंत फॉरमॅटवर फॉरमॅट का होतात, याचे कारण मला तरी इथेच दिसते.

कारण शोधणे अशक्य असते असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक कोसळले, विमाने खोळंबली. तेव्हा काही दिवसांतच चूक कुठे झाली ते सापडले आणि पुढच्याच महिन्यात त्याचा सविस्तर अहवालही प्रसिद्ध झाला. विमानतळ बंद पडला की कारण सांगतात, बेळगावच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प बंद पडला की चार्जर विचारतात. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये कोसळण्याच्या निळ्या पडद्याचा रंग काळा केला, हीच काय ती आम्हाला जाणवलेली सुधारणा.

कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या एका मित्राचीही हीच कथा आहे, कंपनी तेवढी निराळी. त्याच्याशी ते कन्नडमधून बोलले एवढाच फरक. फॉरमॅट दोन्ही भाषांत फॉरमॅटच.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे आणि तो आपण वापरत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार कंपनीचे कार्यालय कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षांची. दोष काढून देण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश आयोग देऊ शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करता येते. पण आयोगापुढे पुरावा लागतो, आणि फॉरमॅटनंतर आपल्याजवळ काय उरते? म्हणून केंद्रात यंत्र देण्यापूर्वी त्या मिनिडंपच्या फायली पेन ड्राइव्हवर काढून ठेवाव्यात, पडद्याचा फोटो घ्यावा, आणि जॉबशीटवर आधीच्या तक्रारींचे नंबर लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. माणूस कुरकुर करील, करू द्यावी.

आणखी एक सुचवावेसे वाटते. कॉलेजच्या संगणक विभागात एक साधी वही ठेवावी. मॉडेल, खरेदीची तारीख, काय बिघडले, कंपनीने काय उत्तर दिले, एवढेच तिच्यात लिहायचे, मराठीत लिहा की कन्नडमध्ये. एकाच मॉडेलची दहा-बारा मुले निघाली तर कायद्यात सर्वांची मिळून एकच तक्रार करण्याचीही सोय आहे. पहिल्या पानावर माझ्या चारही तक्रारींचे नंबर लिहायला मी तयार आहे.