सांध्यातील सळई

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये धरणीकंप झाला आणि केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. वाहनांसाठी मोकळा सोडलेला तळमजला हे त्याचे एक कारण. सांध्यांतील हयगय हे दुसरे. तुळईची सळई कडेच्या खांबात पुरेशी आत नेऊन वाकविली नाही, तर हादऱ्यासरशी ती काँक्रीटमधून निसटते. सळई किती आत न्यावी, सांध्यातही रिंगा घालून त्यांची टोके १३५ अंशांत कशी वळवावीत, हे भारतीय मानक १३९२० ने १९९३ सालीच सांगून ठेवले होते. तेव्हा उणीव ज्ञानाची नव्हती. सांध्यात सळयांची दाटी. तेथे रिंग बसविणे जिकिरीचे, म्हणून ती गाळली जाते. काँक्रीट ओतल्यावर पाहतो कोण?

२०१६ च्या मानकात मुंबई व पुणे ही तिसऱ्या भूकंपक्षेत्रात घातलेली आहेत. आयुष्याची पुंजी घरात घालणारा आमचा मध्यमवर्गीय गृहस्थ फरशीचा रंग मात्र चार वेळा पारखून घेतो! काँक्रीट ओतण्यापूर्वी प्रत्येक मजल्यावरील सांध्यांची छायाचित्रे जबाबदार अभियंत्याच्या स्वाक्षरीनिशी महापालिकेच्या दप्तरी जमा व्हावीत, आणि सदनिका घेणारास ती मागताक्षणी पाहावयास मिळावीत, अशी आमची मागणी आहे.