कोंबड्यांना हीटर कशाला?

थँक्सगिव्हिंग उरकलं की इथे मिनेसोटात कोंबड्या पाळणाऱ्या आमच्या देशी मंडळींत दरवर्षी एकच विषय निघतो. अंडी बंद झाली, गारठल्या बिचाऱ्या, आता खुराड्यात हीट लॅम्प लावूया. मला विचाराल तर लावू नका. अजिबात नको.

मुळात अंडी थांबतात ती मुख्यतः उजेड कमी झाल्यामुळे, थंडीमुळे नाही. भरपूर अंडी द्यायला कोंबडीला रोज १४ ते १६ तास उजेड लागतो. मिनीअ‍ॅपोलिसचा डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा. (पुण्यात तो ११च्या आसपास असतो.) गंमत म्हणजे हा उजेड ती नुसत्या डोळ्यांनी मोजत नाही, कवटीतून मेंदूपर्यंत पोचलेला प्रकाशही तिला कळतो! तेव्हा अंड्यांसाठी हीटर म्हणजे बग एका फाईलमध्ये आणि आपण बदलतोय दुसरीच.

राहिला गारठ्याचा प्रश्न. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास, वर पिसांची रजई. कोरडी थंडी ती बऱ्यापैकी सोसते. छळते ती ओल. विष्ठेतली आणि श्वासातली वाफ बंद खुराड्यात कोंडते, आणि अशा दमट गारठ्यात तुऱ्याची टोकं हिमदंशाने काळी पडतात. म्हणून छपराजवळची झडप भर थंडीतही उघडी हवी, फक्त वारा थेट अंगावर नको. खाली कोरड्या भुशाचा जाड थर. बसायला बारीक दांडीऐवजी रुंद पट्टी, म्हणजे बोटं पिसांखाली झाकली जातात. आई फोनवर म्हणते, "अरे, वरून पोती टाक की!" गावी ठीक आहे, इथे नेमकी झडपच झाकली जायची.

आणि तो लॅम्प! २५० वॅटचा तापलेला बल्ब, खाली सुका भुसा, मधे फडफडणारा पक्षी. खुराडी जळतात ती अशी. शिवाय वीज गेली की उबेला सोकावलेल्या कोंबड्या एकदम उणे वीसमध्ये. वीज खर्चायचीच तर पाण्याच्या भांड्याखाली तापणारी चकती ठेवा. पाणी गोठलं की कोंबडीचं खाणंही कमी होतं.

मग टायमरवर साधा दिवा? त्याने अंडी येतात, खोटं कशाला बोलू. लावायचाच तर पहाटे लावा. संध्याकाळी तो फटकन विझला तर पट्टीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात चाचपडतात. पण मी तोही लावत नाही. पानगळीच्या दिवसांत त्यांची जुनी पिसं झडून नवी येतात. पीस म्हणजे बहुतांशी प्रोटीन, आणि अंड्यालाही तेच लागतं. पोल्ट्रीवाल्याचं पोट त्या अंड्यांवर आहे, त्याचा दिवा समजू शकतो. आपण सहा कोंबड्या हौसेने पाळल्यात, त्यांना दोन-तीन महिने सुट्टी द्यायला आपलं काय जातं?

असो. यंदा आमच्याकडे दोन तलंगा आहेत. पहिल्याच हिवाळ्यात त्या बहुतेक दिव्याविनाही अधूनमधून अंडं देतील. बाकीची दुकानातून :)