सात बियांची गोष्ट

मंडळी, यंदा फराळाबरोबर कॉफी घेणार असाल, तर मुलांना तिची गोष्टही सांगा.

इथिओपियातल्या काल्दीच्या शेळ्या लाल फळं खाऊन नाचू लागल्या, ही कथा तुम्ही ऐकली असेल. ती छापली गेली १६७१ मध्ये, रोमला. काल्दी हे नाव त्यानंतरचं. येमेनमधले सूफी त्याच्या कितीतरी आधीपासून रात्री जागायला कॉफी पीत होते.

आपल्याकडची कथा बाबा बुदनांची. हजहून परतताना त्यांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं सांगतात. तिथली गुहा हिंदूंना दत्तपीठ, मुसलमानांना दर्गा.

लेखी नोंदी आहेत त्या डचांच्या. १६९६ मध्ये मलबारहून रोपं जावाला गेली, ती पुरात वाहून गेली. १६९९ मध्ये पुन्हा पाठवली. १७०६ मध्ये जावाचं एक रोप ॲमस्टरडॅमच्या होर्टस बागेत आलं. त्याच्या वंशातलं एक १७१४ मध्ये फ्रान्सच्या राजाला भेट गेलं. तेव्हा आपलं आल्मेरे समुद्राखाली होतं. कंपनीची जहाजं याच झाउडरझेतून ॲमस्टरडॅमला येत.

मुलं विचारतील, "आजोबा, सात बियांचं खरं का?" पुरावा नाही, असं सरळ सांगा. पण जावाच्या शेतकऱ्यांना कंपनीच्या सक्तीने, कंपनीच्याच भावात कॉफी द्यावी लागे, हे मात्र पुराव्यानिशी खरं आहे. त्यांची लोककथा कुणी सांगत नाही. म्हणून पहिल्या घोटाला बाबांची आठवण काढा, दुसऱ्याला त्यांची.