खुन्याचे मन आणि आईचे गाऱ्हाणे

एका अपुऱ्या मालिकेसाठी जगभरचे प्रेक्षक गेली कित्येक वर्षे हळहळत आहेत. 'माइंडहंटर' हे तिचे नाव. अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपासयंत्रणेतील दोन अधिकारी तुरुंगातुरुंगांतून हिंडतात, अनेक खून केलेल्या कैद्यांसमोर बसून त्यांना बोलते करतात आणि त्या बोलण्यातून न सापडलेल्या खुन्याचे मानसचित्र रेखाटण्याचे शास्त्र उभारू पाहतात, असा तिचा विषय. पहिले पर्व ऑक्टोबर २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर आले, दुसरे ऑगस्ट २०१९ मध्ये. जानेवारी २०२० मध्ये नटांना करारातून मोकळे करण्यात आले. तेव्हापासून तिसऱ्या पर्वासाठी सह्यांच्या मोहिमा झाल्या, अर्जविनंत्या झाल्या. खर्च फार आणि त्या मानाने प्रेक्षक थोडे, असा हिशेब दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांनी २०२३ मध्ये सांगून टाकला, तरी आशा मावळली नाही. २०२५ मध्ये एका प्रमुख नटाने पुढील कथा चित्रपटरूपाने येण्याची शक्यता बोलून दाखवताच चाहत्यांमध्ये पुन्हा चैतन्य संचारले.

या प्रतीक्षेची चेष्टा करण्याचे कारण नाही. मालिका सामान्य नाही. खुनाचे दृश्य दाखवून अंगावर काटा आणण्याचा सवंग मार्ग तिने बहुतांशी टाळला आहे. एक टेबल, दोन खुर्च्या आणि चाललेला संवाद, एवढ्यावर ती प्रेक्षकाला खिळवून ठेवते. प्रश्न कलेच्या दर्जाचा नाही. ही सारी बुद्धी, हे सारे कुतूहल आणि एवढा पैसा कोणाच्या मनाचा ठाव घेण्यासाठी खर्ची पडला, आणि कोणाचे मन त्या टेबलापाशी कधी बसलेच नाही, हा प्रश्न आहे.

चाहत्यांना छळणारे कोडे कोणते, तेही पाहावे. अनेक भागांच्या आरंभी कॅन्सस राज्यातील एक सभ्य दिसणारा गृहस्थ येतो आणि जातो. त्याचे पुढे काय झाले, हे तिसऱ्या पर्वाविना कळणार नाही, अशी तक्रार आहे. वस्तुतः ज्याच्यावरून हे पात्र बेतले आहे, तो मनुष्य २००५ मध्ये पकडला गेला. दहा खून त्याने कबूल केले. तो जन्मठेप भोगत आहे. कोड्याचे उत्तर कधीचे छापून आले आहे. ज्याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही असे कोडे त्याच मालिकेच्या दुसऱ्या पर्वात आहे, आणि त्याच्यासाठी मात्र कोणी सह्या गोळा केल्याचे ऐकिवात नाही. ते कोडे अटलांटाचे आहे.

जॉर्जिया राज्यातील अटलांटा हे मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मगाव. द्वेष करायला येथे कोणास सवड नाही, अशी या शहराची ख्याती त्याच्या पुढाऱ्यांनी व व्यापाऱ्यांनी पसरवली होती. मेनार्ड जॅक्सन हे त्याचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. अशा या शहरात १९७९ च्या उन्हाळ्यापासून १९८१ च्या वसंतापर्यंत सुमारे तीस मुले आणि तरुण एकामागून एक नाहीसे झाले व मृतावस्थेत सापडले. सारे कृष्णवर्णीय, जवळजवळ सारे गरीब वस्त्यांतले. कोणी दुकानातून सामान आणायला गेला होता, कोणी किरकोळ काम करून चार पैसे मिळवायला.

आयांनी पोलिसांची दारे ठोठावली. पोर घरातून पळाले असेल, येईल परत, हे उत्तर! पहिली प्रेते जुलै १९७९ मध्ये सापडली. विशेष तपासपथक नेमायला पुढच्या वर्षाचा जुलै उजाडला. तोही आपसूक उजाडला नाही. जिचा नऊ वर्षांचा मुलगा मारला गेला ती कॅमिल बेल आणि तिच्यासारख्याच इतर आया एकत्र आल्या, त्यांनी समिती स्थापन केली, वृत्तपत्रांना बोलावले, नगरप्रशासनाला धारेवर धरले. वेगवेगळ्या नोंदवह्यांत विखुरलेली प्रकरणे एका सूत्रातली आहेत हे प्रथम ओळखले ते या आयांनी. त्यांच्यापाशी ना मानसशास्त्राची पदवी होती, ना ध्वनिमुद्रणाचे यंत्र. आपली पोरे कोणत्या रस्त्याने जातात, हे त्यांना ठाऊक होते, एवढेच.

यंत्रणेने या शहाणपणाची संभावना कशी केली? एप्रिल १९८१ मध्ये एफ.बी.आय.च्याच एका अधिकाऱ्याने, यातील काही मुलांना त्यांच्या आईबापांनीच मारले असावे, असे जाहीरपणे सुचवले. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार. टेकवुड होम्स या सरकारी वसाहतीतील रहिवाशांनी मार्च १९८१ मध्ये बेसबॉलच्या दांड्या हाती घेऊन स्वतःची गस्त सुरू केली, तेव्हा अधिकाऱ्यांना खुन्यापेक्षा या गस्तीचीच चिंता अधिक वाटली. या वसाहतीची कथाही बोधप्रद आहे. १९३६ मध्ये ती खुली झाली ती केवळ गोऱ्यांसाठी. कृष्णवर्णीय तेथे आले फार उशिरा. आणि १९९६ च्या ऑलिम्पिक सामन्यांसाठी शहर सजू लागले तेव्हा ती पाडण्यात आली.

आता मानसचित्राच्या शास्त्राने काय साधले, ते पाहू. खुनी कृष्णवर्णीय तरुण असावा, पोलिसी कामाचे त्याला आकर्षण असावे, असा तज्ज्ञांचा तर्क होता. पकडलेला वेन विल्यम्स या तर्कात बसत होता, हे खरे. परंतु तो पकडला गेला तो कोणाचे मन वाचल्यामुळे नव्हे. नदीवरील पुलांखाली साधे शिपाई रात्रीमागून रात्री दबा धरून बसले म्हणून. २२ मे १९८१ च्या पहाटे पाण्यात काही पडल्याचा आवाज झाला आणि पुलावरची मोटार थांबवण्यात आली. खटल्यात गालिच्याचे धागे व कुत्र्याचे केस हा मुख्य पुरावा ठरला. फेब्रुवारी १९८२ मध्ये त्याला जन्मठेप झाली ती दोन प्रौढ पुरुषांच्या खुनांसाठी. मुलांच्या एकाही खुनाबद्दल त्याच्यावर स्वतंत्र खटला चालला नाही. तरीही वीसहून अधिक प्रकरणे त्याच्या नावावर चढवून मिटवण्यात आली. विल्यम्सने गुन्हा कधीच मान्य केला नाही. क्लू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेच्या काही लोकांचाही गुप्तपणे तपास झाला होता, हे पुढे उघडकीस आले तेव्हा आयांच्या संशयात भरच पडली. जेम्स बाल्डविन यांनी १९८५ मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तक लिहून न्यायाच्या या घाईवर बोट ठेवले. २०१९ मध्ये महापौर किशा लान्स बॉटम्स यांना जुना पुरावा नव्याने तपासण्याची घोषणा करावी लागली, ती चाळीस वर्षांनी.

मालिकेने हे सारे लपवले, असा आरोप करणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या पर्वात हॉटेलात काम करणारी एक कृष्णवर्णीय युवती अधिकाऱ्याला त्या आयांकडे घेऊन जाते. प्रकरणे घाईने मिटवल्याची बोचही शेवटी आहे. पण आया तेथे येतात त्या नायकाच्या मनाला टोचणी लावण्यापुरत्या. प्रेक्षक ज्याच्या डोळ्यांनी पाहतो तो अधिकारीच आणि ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागतो तो खुनीच. दुःख आईचे, कथा मात्र शिकाऱ्याची आणि श्वापदाची.

शिकारीही कोण? ज्या यंत्रणेने १९७२ मध्ये वर्तनशास्त्राचा हा विभाग काढला, तिने त्याआधी अनेक वर्षे खुद्द किंग यांच्या दूरध्वनींवर पाळत ठेवली होती आणि १९६४ मध्ये त्यांना आत्महत्येकडे ढकलू पाहणारे निनावी पत्रही पाठवले होते. न्याय मागणाऱ्याचे मन कसे मोडावे, हे शास्त्र तिला आधीच अवगत होते. त्याच किंग यांच्या गावात गरिबांची पोरे मरू लागली तेव्हा मात्र तिचे पाऊल जड झाले.

यावर आक्षेप येईल की, खुन्याचे मन समजल्याने पुढचे खून टळतात, मग त्याचा अभ्यास वाईट कसा? अभ्यास वाईट नाही. त्याचे फळ जिथे मिळेल तिथे ते घ्यावेच. पण अटलांटात मुले इतका काळ मरत राहिली ती खुन्याचे मन अगम्य होते म्हणून नव्हे, तर नाहीशा झालेल्या पोराची नोंद घेण्याची निकड कोणास वाटली नाही म्हणून. विकृत मन कोणत्याही समाजात निपजू शकते. त्याला दोन वर्षे मोकळे रान मात्र समाजव्यवस्थाच देते. पहिली गोष्ट मानसशास्त्राची, दुसरी राजकारणाची. आणि दुसरी झाकण्यासाठी पहिलीचा पडदा फार सोयीचा पडतो.

ही कथा दूरदेशीची म्हणून येथील वाचकाने निश्चिंत राहू नये. मुंबईत १९६८ मध्ये पकडल्या गेलेल्या रमण राघवचे नाव आजही घरोघरी ठाऊक आहे, त्याच्यावर चित्रपट निघाले आहेत. त्याने ठार केलेल्या पदपथांवरच्या आणि झोपड्यांतल्या माणसांपैकी एकाचे तरी नाव कोणी सांगू शकेल काय? नोएडाजवळच्या निठारीत गरीब आईबाप नाहीशा झालेल्या मुलांसाठी पोलिसांकडे हेलपाटे घालत राहिले. डिसेंबर २००६ मध्ये एका बंगल्यामागच्या नाल्यात हाडे सापडली तेव्हा कोठे त्यांचे गाऱ्हाणे खरे ठरले. त्यावर बेतलेला हिंदी चित्रपट २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर झळकला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला अखेरच्या प्रकरणातही निर्दोष ठरवले. मग मुलांना मारले कोणी? चित्रपट तयार आहे, उत्तर नाही!

तिसरे पर्व येवो अथवा न येवो. मनोरंजनाच्या बाजाराचा हिशेब बाजार पाहून घेईल. समाजवादी कार्यकर्त्यापुढचे काम निराळे आहे. एखाद्या वस्तीतील मोलकरीण किंवा बिगारी आपले पोर रात्री घरी आले नाही म्हणून पोलीस चौकीच्या पायरीवर उभी राहते आणि तिला उद्या ये म्हणून सांगितले जाते, त्या क्षणी तिच्या शेजारी कोणी उभे आहे की नाही, यावर त्या पोराचे आणि कदाचित त्याच्यामागून जाणाऱ्या दुसऱ्या पोराचे जगणे अवलंबून असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगून ठेवले आहे की, हरवलेल्या प्रत्येक बालकाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे. तो नोंदवून घेतल्याविना त्या पायरीवरून उठायचे नाही, एवढा निर्धार वस्तीवस्तीतून व्हावा. खुन्याचे मन वाचणारे पुष्कळ आहेत. आईचे गाऱ्हाणे लिहून घेणारे हवे आहेत.