वारली चित्रांचे वस्त्र आणि कुळाचा दाखला

जव्हार-मोखाड्याकडे सहलीस जाऊन आलेल्या सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एक वाद ऐकू येतो. वारली चित्रे काढलेली साडी किंवा सदरा आपण अंगावर घालावा की नाही? एक पक्ष म्हणतो, जो कुळाने वारली नाही त्याने ती चिन्हे मिरवणे ही चोरीच होय. दुसरा म्हणतो, नक्षी ती नक्षी. तिला कोणी धनी नाही. आमच्या मते हे दोन्ही पक्ष चुकले आहेत, आणि दुसऱ्याची चूक अधिक घातक आहे.

पहिल्या पक्षाने स्कॉटलंडकडे पाहावे. तेथील पुरुषांच्या चुणीदार किल्टचे कापड म्हणजे टार्टन. प्रत्येक कुळाच्या चौकड्या निराळ्या, आणि त्या अनादि कालापासून चालत आलेल्या, असा समज सर्वत्र आहे. वस्तुस्थिती अशी की, 1746 च्या कायद्याने डोंगरी मुलखातील हा पोशाख निषिद्ध ठरला व ती बंदी 1782 त उठली. पुढे 1822 साली चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉटने मांडलेल्या समारंभात या वेषाला प्रतिष्ठा मिळाली. कुळांच्या टार्टनांचे प्राचीन प्रमाण म्हणून 1842 साली जो ग्रंथ छापला गेला, तो बनावट ठरला. आज तेथे टार्टनांची सरकारी नोंदवही आहे, आणि ज्यास कूळ नाही असा परकाही प्रांताचे किंवा सर्वांस खुले असलेले टार्टन निवडून खुशाल किल्ट नेसतो. त्यास कोणी वंशावळ विचारीत नाही.

वारली चित्रांची गोष्टही रक्तशुद्धीच्या कसोटीस उतरणारी नाही. ती मूळची भिंतीवरची, तांदळाच्या पिठाची आणि सुवासिनींच्या हातची. 1970 नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नाने ती कागदावर उतरली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी पुरुष असूनही ती हाती घेतली, देशोदेशी नेली, आणि 2011 साली त्यांस पद्मश्री मिळाली. ज्यांची कला त्यांनीच ती आपण होऊन बाहेरच्यांस विकावयास काढली, तर आपण सोवळे पाळून ती नाकारणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे होय.

तर मग दुसरा पक्ष जिंकला काय? मुळीच नाही. “नक्षीला धनी नाही” असे म्हणणाऱ्यास त्या नक्षीचा इतिहास ठाऊक नसतो. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर चौक काढतात. त्यात पालघट देवी बसते. चौकावाचून लग्न लागत नाही. आणि हेच लग्न त्या माणसास किती महाग पडे! लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यावे आणि ते फेडण्यास नवराबायकोने त्याच्या घरी वर्षानुवर्षे राबावे. अशांस ‘लग्नगडी’ म्हणत. ही गुलामगिरी मोडण्यास 1945 साली उंबरगाव-डहाणूकडील वारल्यांस गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उठाव करावा लागला. पंगतीत ज्या देवचौकटीची साडी आपण हौसेने मिरवितो, ती एका काळी माणसास गहाण टाकणाऱ्या सोहळ्याची खूण होती, हे निदान ठाऊक तरी असावे.

2014 साली वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली, म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. ती नोंद नावाचे रक्षण करते. त्रिकोणी माणसांचे व तारप्याभोवतालच्या नाचाचे नव्हे. दूरच्या गिरणीने नाव गाळून यंत्रावर तीच माणसे हजारोंनी छापली, तर जव्हारच्या पाड्यावरील चित्रकाराच्या हाती एक कवडीही पडत नाही. मोल देणारे आपण, आणि मोल घेणारा भलताच!

म्हणून आमचे म्हणणे इतकेच : वारली वस्त्र अवश्य घाला, परंतु ते वारली हातचे असू द्या. दुकानदारास विचारा, हे कोणी काढले, कोणत्या गावी, आणि त्यास काय मिळाले? त्याला उत्तर देता आले नाही, तर कापड ठेवून बाहेर पडा. नाचणारी, पेरणारी, ताडीच्या झाडावर चढणारी माणसे खुशाल अंगावर वागवा. पण पालघटेचा चौक उशीच्या अभ्र्यावर किंवा पायपुसण्यावर नको. आपल्या देव्हाऱ्यातील मूर्ती पायपुसण्यावर छापलेली आपणांस खपेल काय?

मराठीत कूळ म्हणजे वंश, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाराही. वस्त्र घेताना आपल्या वंशाची चौकशी करण्यात अर्थ नाही. ज्याने ते रंगविले तो आपल्याच कलेत कूळ होऊन तर राबत नाही ना, एवढी चौकशी मात्र प्रत्येक घराने करावी.